कावळ्याचं पान

“हा घास काऊचा,” वन्सं म्हणाल्या, आणि रेवूनं तोंड घट्ट मिटलं.

“बरं, मग हा चिऊचा.”

रेवूनं मान फिरवली.

“हा घास आत्याचा. आत्या विट्यासनं आलीय का न्हाई तुझ्यासाठी? मग खा बघू आत्याचा घास.”

रेवूनं आत्याकडं नीट पाहिलं, मग घासाकडं पाहिलं. घासात मेथी होती. “आत्याचा आहे तर आत्यानंच खायचा,” ती म्हणाली आणि उठून खेळायला गेली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हसू आलं होतं, पण हसण्याची सोय नव्हती. शालन वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. त्यांच्यासमोर सासरच्या घरात कुणी विनाकारण हसत नसे. त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात टाकला, चावला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “पोरीला वळण लागलेलं दिसत न्हाई.”

पोरगी साडेचार वर्षांची होती. ती दहीभात खायची, बटाट्याच्या काचऱ्या खायची आणि शिकरण खायची. यादी संपली. हिरवं काही दिसलं की तिचा संप सुरू. आमटीतली कोथिंबीर ती एकेक करून वेचायची आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायची, आणि ती ओळ पुरी होईपर्यंत आमटी थंड होऊन जायची. तासगावात आमच्या आळीत एकही घर असं नव्हतं जिथून मला उपाय आला नाही. कुणी म्हणे जंत झालेत, कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे तूच नोकरी करतेस ना, मग लेकरू कुणाच्या हातचं खाणार? मी पोस्टात काउंटरवर होते. तिकिटं घ्यायला आलेली माणसंसुद्धा जाता जाता एखादा काढा सांगून जायची.

ह्यांनी एका रविवारच्या पुरवणीत वाचलं की मुलांना जेवण दिसायला आकर्षक हवं. त्यांनी सकाळभर बसून काकडीचा चेहरा केला, गाजराचं नाक, टोमॅटोचे ओठ, पालकाचे केस. रेवूला तो इतका आवडला की तिनं त्याला ताटातच झोपवलं, वर रुमाल पांघरला आणि त्याची झोप मोडू नये म्हणून आम्हा सगळ्यांना गप्प बसायला लावलं. ह्यांचा आकर्षक जेवणावरचा विश्वास त्या दिवशी उडाला.

सासूबाई तेवढ्या काही बोलत नसत. कुठल्याच बाबतीत बोलत नसत. अप्पा गेले त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्यांचं न बोलणं अप्पा असल्यासारखंच चालू होतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे, हायस्कूलचे हेडमास्तर. त्यांचा दरारा मोठा आणि जेवण छोटं. त्यांना बटाटा चाले. दहीभात चाले, साखर-पोळी चाले. वांगं चालत नसे, कुठलीही पालेभाजी चालत नसे, भोपळ्याचं नाव काढलेलं चालत नसे, आणि कारल्याचा तर वासही चालत नसे. नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा न विचारता दोडका केला होता. ताट अंगणापर्यंत गेलं. सासूबाईंनी मुकाट्यानं अंगण झाडलं आणि बटाटे चिरायला घेतले. नंतर वन्संनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, “अप्पांची आवड जरा वेगळी हाय. आपन सांभाळून घ्यायचं.”

तर अप्पांची ती आवड होती. रेवूची मात्र थेरं होती. यादी अगदी तीच, तरी नावं वेगळी. मला तेव्हा हे दिसत होतं, पण दिसलेलं सगळं बोलून दाखवावं असं आमचं घर नव्हतं.

पितृपंधरवड्यात अप्पांचा म्हाळ असे. त्या दिवशी पितरांच्या नावानं सगळ्या भाज्या, वडे, खीर असा स्वयंपाक करायचा, पहिलं पान गच्चीवर कावळ्याला ठेवायचं आणि कावळा शिवला की मग घरच्यांनी जेवायचं. त्यासाठी वन्सं चार दिवस आधीच आल्या होत्या, आणि ह्या खेपेला म्हाळाबरोबर त्यांनी रेवूही हातात घेतली होती. वन्संचे दोन्ही मुलगे विट्यात तालमीत जात. दगड दिला तरी पचवतील, असं त्या अभिमानानं सांगत, आणि एकूण त्या मुलांकडं बघता कधीतरी दिला असावा असं वाटे.

त्यांनी रेवूची दृष्ट काढली. जंताचं औषध पाजलं. पुरीत पालक लपवला, तो रेवूनं पहिल्याच तुकड्यात ओळखला. शेवटी तिला बापूकाकांच्या बेदाण्याच्या गोदामात नेऊन काट्यावर उभं केलं. बापूकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. ते घरी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पेटी जड भरली, दिनू. तुझी पोरगी न्हाई भरली.”

त्या संध्याकाळी वन्संनी निकाल दिला. आम्ही सगळे सोप्यात बसलो होतो. सासूबाई कोपऱ्यात गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

“मी रेवूला विट्याला नेते,” वन्सं म्हणाल्या. “दिवाळीपतोर ऱ्हाऊ दे. तोंडावर जरा तकाकी आली की आनून सोडते.”

“एवढ्या लहान पोरीला?” मी म्हणाले. “ती माझ्याशिवाय झोपत नाही, वन्सं.”

“झोपत न्हाई आनि खात बी न्हाई. मग करती काय तुझ्यापाशी?”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, “थोडेच दिवस तर आहेत. ताईचा हात चांगला आहे.”

“शाळेचं काय तिच्या?”

“बालवाडीला काय शाळा म्हणायची?” बापूकाका म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळी दीड महिन्यावर होती, आणि वन्संकडं गेलेली वस्तू वेळेवर परत येते असा घराचा अनुभव नव्हता. माझा पाटा गेला होता तो गेलाच होता. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “तिनं सगळं खाल्लं तर?”

वन्सं हसल्या. “म्हाळाच्या दिवशी सगळ्या भाज्या असत्यात. त्या दिवशी समद्यांसमोर पानातलं समदं खाल्लं तर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. न्हाईतर चारच्या यष्टीनं मी तिला घेऊन जानार. बोल.”

मी मान डोलावली. सासूबाईंकडं पाहिलं, त्या शेंगा मोडत होत्या. रेवू दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण रात्री झोपताना तिनं मला विचारलं, “आई, न जेवणाऱ्या सगळ्यांना विट्याला नेतात?”

म्हाळाच्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या. भोपळा, गवार, अळू, भेंडी, मेथी, कढी, वडे, खीर. घराघरांत असते तशी कारल्याची भाजीही म्हाळाला लागायचीच, त्यामुळं अप्पांनी हयातभर घराबाहेर ठेवलेलं कारलं ते गेल्यावर वर्षातून एकदा त्यांच्याच नावानं घरात येत होतं. मला त्याची मोठी गंमत वाटायची. कारली मात्र सासूबाई स्वतः चिरायच्या, स्वतःच परतायच्या. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. झाकण उचलून पुन्हापुन्हा वास घ्यायच्या. मला वाटायचं, मीठ बघत असतील.

मी गुपचूप एका वाटीत दहीभात कालवला, वर चार काचऱ्या ठेवल्या आणि वाटी फडताळात डब्यामागं लपवली. पैज हरणार हे मला माहीत होतं. निदान पोरगी उपाशीपोटी यष्टीत बसायला नको. वन्संनी तिची पिशवी भरून सोप्यात खुंटीला लावून ठेवलीच होती. दोन झगे, एक स्वेटर आणि तिची कापडाची बाहुली.

बारा वाजता ह्यांनी अप्पांचं पान गच्चीवर नेऊन ठेवलं. माणसं दिसली की कावळा बुजतो, म्हणून सगळे खाली अंगणात येऊन उभे राहिलो. म्हाळाला आलेल्या नात्यातल्या मुलांना वन्संनी आधीच बजावलं होतं, “कावळा शिवल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई. एक दाना बी तोंडात घालायचा न्हाई.” हे सांगताना त्यांनी रेवूकडंही बोट केलं. तिच्या जन्मात ‘खाऊ नकोस’ हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

कावळे होते. शेजारच्या नारळावर तीन बसले होते, एक ॲन्टेनावर होता. पण गच्चीवर कुणी उतरेना. येत होते, गच्चीवर घिरट्या घालत होते आणि परत नारळावर जात होते.

“काव, काव,” बापूकाकांनी हाक दिली. त्यांना साखरेचा आजार होता आणि भूक अजिबात सोसत नसे.

“ये रे बाबा, ये,” हे म्हणाले.

“खीर हाय बघ, वडा हाय,” बापूकाका कळवळून म्हणाले. “एक घास घे. एकच घे. बाकीचं ऱ्हाऊ दे.”

मला वाटलं, इतकी आर्जवं तर आम्ही रेवूचीही केली नव्हती. कुणीही त्या कावळ्याला थेरं करतोस असं म्हटलं नाही, जंताचं औषध सुचवलं नाही.

बराच वेळ गेला. वड्यांचा वास अंगणभर झाला होता आणि बापूकाका पायरीवर बसले होते. तेव्हा वन्सं पुढं झाल्या, हात जोडले आणि गच्चीकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, “अप्पा! तुमचा जीव कशात अडकलाय ते मला कळलं. रेवूत अडकलाय. तुमी काळजी करू नका. पोरीला मी आजच विट्याला नेते!”

नेमका त्याच वेळी ॲन्टेनावरचा कावळा ओरडला.

“बघ,” वन्सं ह्यांना म्हणाल्या. “व्हय म्हनतायत.”

हे गंभीर झाले. “अप्पांचीच इच्छा दिसते,” ते मला हळूच म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. जिवंत माणसांशी भांडता येतं. गच्चीवरच्या सासऱ्यांशी मी कुठल्या तोंडानं भांडणार होते? डोळ्यांत पाणी आलं. रेवूला जवळ घ्यावं म्हणून वळले, तर रेवू नव्हती.

“रेवू?”

सोप्यात नव्हती, परसातही नव्हती. मी हाका मारत अंगणात आले, तेवढ्यात वरून आवाज आला.

“आई, पाणी.”

सगळ्यांनी माना वर केल्या. गच्चीच्या कठड्यावरून रेवूचं तोंड दिसत होतं. तोंडाभोवती खीर होती, आणि गालाला अळूचं फदफदं.

आम्ही जिन्यावरून कसे वर गेलो ते आम्हालाच ठाऊक. सगळ्यांत पुढं वन्सं, मागं धापा टाकत बापूकाका. वर पाहतो तर पान जवळजवळ साफ. भोपळा गेला होता, गवार गेली होती, मेथी गेली होती. वड्याचा अर्धा तुकडा आणि भाताची मूद तेवढी शिल्लक होती. कावळे का उतरत नव्हते ते तेव्हा कळलं. पानाशी माणूस बसलं होतं.

“अगं बाई! पोरीनं पितराचं पान उष्टं केलं!” वन्संनी कपाळावर हात मारला. “कुनाचं पान व्हतं ते, कळत न्हाई?”

“काऊचं,” रेवू म्हणाली.

“मग का खाल्लंस?”

रेवूला प्रश्नच समजला नाही. “आत्या, तू रोज म्हणतेस की, हा घास काऊचा. आणि मलाच देतेस. काऊचा घास मीच खायचा असतो ना?”

वन्संनी पानाकडं पाहिलं, रेवूकडं पाहिलं. मग त्यांना एकाएकी काहीतरी सुचलं, आणि चेहरा पालटला. “दिनू! अरे, कळलं का? अप्पाच आले! नातीच्या तोंडानं जेवले!”

“शिवला म्हणायचा मग,” बापूकाका लगेच म्हणाले. “चला, पानं वाढा.”

“थांबा,” मागून आवाज आला.

सासूबाई सावकाश जिना चढून आल्या होत्या. त्या पानापाशी गेल्या आणि वाकून बघितलं. मग रेवूसमोर उकिडव्या बसल्या.

“कारलं कुनी खाल्लं?”

“मी.”

“कडू लागलं?”

“लागलं.”

“मग?”

“मग अजून खाल्लं.”

सासूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पदरानं तिच्या गालावरचं अळू पुसलं. मग उठून वन्संना म्हणाल्या, “हे तुझे अप्पा न्हवंत. त्यांनी जल्मात कारलं तोंडात घातलं न्हाई. ही माझ्यावर गेलीय.”

त्यांनी स्वतःबद्दल इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. वन्सं काही म्हणणार तोच त्या माझ्याकडं वळल्या. “फडताळात डब्यामागं लपवलेली दहीभाताची वाटी आन. आनि एक पत्रावळ, कारल्याच्या दोन फोडी.”

मी चोर सापडावा तशी उभी राहिले. “तुम्हाला माहीत होतं?”

“लपवायची जागा चाळीस वर्षांपासनं तीच हाय. आन.”

मी सगळं आणलं. सासूबाईंनी नव्या पत्रावळीवर रेवूचा दहीभात घातला, रेवूच्या काचऱ्या घातल्या, आणि रिवाज म्हणून कडेला कारल्याच्या दोन फोडी ठेवल्या. आम्ही जिन्याच्या तोंडाशी सरकलो. अजून नीट उभंही राहिलो नव्हतो, तेवढ्यात ॲन्टेनावरचा कावळा थेट पानावर उतरला.

“शिवला!” बापूकाकांनी कावळ्याला हात जोडले.

कावळ्यानं काचरी खाल्ली. भात खाल्ला. दुसरी काचरी खाल्ली. मग कारल्याची फोड चोचीत धरली, मान तिरकी केली आणि झटक्यानं पानाबाहेर फेकली. ती पार पन्हळीपर्यंत गेली.

सासूबाई पुटपुटल्या, “हेच की. अगदी हेच.”

आणि कुणाला कळायच्या आत रेवू पुढं झाली. पन्हळीपाशी जाऊन तिनं ती फोड उचलली, पानावर परत ठेवली आणि कमरेवर दोन्ही हात घेऊन कावळ्यासमोर उभी राहिली. कावळा दोन पावलं मागं सरकला, पण उडाला नाही.

“आजोबा,” ती दरडावून म्हणाली, “नुसता बटाटा नाही खायचा. पानातलं सगळं संपवायचं. नाहीतर आत्या तुम्हाला विट्याला नेईल!”

सासूबाई हसल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून. हसता हसता त्या गच्चीवरच खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांना थांबता येईना. “मला जमलं न्हाई गं,” त्या रेवूला म्हणत होत्या, “चाळीस वर्षांत मला एकदा बी म्हनायला जमलं न्हाई.” मी पाठीवरून हात फिरवायला गेले आणि मलाही रडू आलं. हे कठड्याकडं तोंड करून उभे राहिले.

वन्संनी शेवटचा प्रयत्न केला. “पर आई, आपल्यासमोर कुठं खाल्लंय तिनं? बोली समद्यांसमोर खायची झाली व्हती. पोरीची तब्येत बघा की.”

सासूबाईंनी डोळे पुसले. “शालन, न्यायचं त्यांना न्हेलं न्हाईस तू तवा. तवा मला म्हनायचीस, अप्पांची आवड हाय. हिला बी आवड हाय. रेवू कुठं जात न्हाई.”

दिवाळीपर्यंत रेवू काही एकदम सगळं खायला लागली नाही, हे सांगितलं पाहिजे. मेथी पुन्हा जमायला पुढचं वर्ष उजाडलं, वांगं फार उशिरा. पण तिच्या ताटासमोर बसून घासांना नावं द्यायचं आम्ही बंद केलं. सगळं थोडंथोडं वाढायचं आणि आपण आपलं जेवायचं, एवढंच. आता ती स्वतः आई आहे, आणि तिच्या मैत्रिणी मला विचारतात, काकू, काय केलंत हो तुम्ही? मी म्हणते, मी वाटी लपवली होती. कुणालाही ते उत्तर पुरेसं वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही खाली आलो तेव्हा खुंटीवरची पिशवी सासूबाईंनी स्वतः उतरवली आणि बाहुली रेवूच्या हातात दिली. मी पुरुषांची पानं मांडायला लागले. आमच्याकडं आधी पुरुष, मग पाहुण्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी सासूबाई, तेही स्वयंपाकघरात, उरेल ते घेऊन. बापूकाका हात धुऊन पाटावर बसतच होते. सासूबाई आल्या, त्यांच्या शेजारचा पाट ओढला आणि बसल्या. रेवू त्यांच्या मांडीला टेकून बसली.

हे चपापून उभेच राहिले. मी भाज्यांची ताटली घेऊन सासूबाईंसमोर वाकले. “काय वाढू, आई?”

“कारलं,” त्या म्हणाल्या. मी दोन फोडी वाढल्या, तरी त्यांनी पानावर आडवा हात धरला नाही. मी आणखी वाढलं. त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटून सावकाश चावली.

“जमलंय,” त्या म्हणाल्या. “उद्या बी करायचं.”